दहाव्याला निघालेली प्रायव्हेट गाडी

बल्लारशा स्टेशनच्या बाहेर एक माणूस माझ्या बाबांच्या नावाची पाटी धरून उभा होता. पुठ्ठ्यावर निळ्या स्केचपेनने ठळक लिहिलं होतं – लटारू गेडेकर. आणि आज बाबांचा दहावा होता.

मी बॅग त्याच्या पायाशीच आपटली.

"ही पाटी कोणी लिहिली?"

"मी," तो म्हणाला. "तुम्ही दिव्यानी मॅडम ना? गाडी उशिरा आली तुमची. या लवकर."

"गाडी माझ्या नावाने बुक केली आहे. नाव माझं हवं."

"हो, पन चालली तं त्यांच्या घरी…"

माझा चेहरा बघून तो थांबला. मग त्याने पाटी उलटी केली आणि छातीशी धरली. माझ्याच वयाचा असावा. राखाडी शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि हसायची सवय असलेला, पण आज हसू दाबून ठेवलेला चेहरा. त्या दाबलेल्या हसण्याचासुद्धा मला राग आला. त्या दिवशी मला कशाचाही राग येत होता. जहाजावरच्या साहेबाचा, ज्याने सुट्टी द्यायला बंदर येण्याची वाट पाहिली. रात्रभर डब्यात पत्ते कुटणाऱ्या लोकांचा. धान कापून झालेल्या बांधांवर नेहमीसारखं पडलेल्या उन्हाचासुद्धा.

त्याचं नाव प्रणित. मोहर्लीला वाघ पाहायला येणाऱ्या टुरिस्टांची ने-आण करतो, हे मला फोनवरच कळलं होतं. म्हणूनच त्याला निवडलं होतं. मी क्रूझ जहाजावर काम करते. चेन्नई, कोची, कोलंबो… पाहुणे बंदरात उतरले की त्यांना शहरात न्यायला प्रायव्हेट गाडी ठरवून द्यायची, हेच माझं काम. प्रायव्हेट म्हणजे काय, हे मी रोज हसून समजावते. पाटीवर तुमचं नाव, आणि गाडीत तुमच्याशिवाय कोणी नाही.

आयुष्यात पहिल्यांदा तशी गाडी मी स्वतःसाठी ठरवली होती. पुस्तकांमधल्या शोक करणाऱ्या माणसांना निदान एक खिडकी तरी मिळते. मला जहाजावरच्या खोलीत तिघीजणी होत्या, आणि रेल्वेत अख्खा डबा. बाबा गेल्यापासून मी रडलेच नव्हते. बल्लारशा ते आमचं गाव, सावली गावाच्या थोडं पुढे, तलावाच्या काठी – तेवढा रस्ता मला माझा हवा होता. आणि सूर्य बुडायच्या आत पोहोचायचं होतं.

कारण डोंगा.

आमचं मासेमारी करणाऱ्यांचं गाव. माणूस गेला की त्याचा डोंगा, म्हणजे लाकडाची होडी, काठावर पालथा घालतात. दहाव्याला, दिवस मावळायच्या आत, त्याच्या रक्ताच्या माणसाने तो एकट्याने सुलटा करून पाण्यात लोटायचा. जो लोटेल, डोंगा त्याचा आणि तलावातली मासेमारीची जागाही त्याची. बाबांना मी एकटीच. धनराजकाकाने मात्र आपल्या मुलाला, अजयला, तयार ठेवलं होतं. पोरगी काय डोंगा लोटते! डोंगा अजयचा झाला असता तर आईला उद्यापासून मासळीसाठी दिराच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

चंद्रपुरात बंगाली कॅम्पच्या चौकात गाडी थांबली. मला वाटलं, सिग्नल असेल. पण पुढचं दार उघडलं आणि एक म्हातारी बाई, मांडीवर गाठोडं घेऊन, थेट आत बसली.

"येळेवर पोहोचलो की बस झालं वो माय," ती म्हणाली. "चाल रे बापू."

मी पुढच्या सीटकडे वाकले. मग म्हणाले, "भाऊ, ह्या कोण?"

"बायनाबाई. मासळी बाजारात बसते. तुमच्या बाबांची मासळी हीच विकत होती."

"ते ठीक आहे. त्या माझ्या गाडीत का आहेत?"

"दहाव्याची गाडी हाय ना मॅडम," तो अगदी सहज म्हणाला. "दहाव्याच्या गाडीले कोनी हात दाखवला तं थांबाच लागते. मी कालच मासळी बाजारात सांगून ठेवलं, निरोप गावोगाव गेला. ज्याले यायचं हाय, रस्त्यावर उभे राहा म्हनलं."

"मी प्रायव्हेट गाडी बुक केली आहे!"

"पन फोनवर तुम्हीच तं सांगितलं, दहाव्याले जायाचं हाय म्हनून."

"उशीर करू नका, म्हणून सांगितलं!"

"अन् मले वाटलं… लोकायले घ्या म्हनून सांगितलं."

इतक्या वर्षांत परक्या बंदरांमध्ये परक्या ड्रायव्हरांशी मी कधी आवाज चढवला नव्हता. पण तिथे, त्या चौकात, मागच्या हॉर्नच्या गोंगाटात, माझ्या तोंडून जे निघालं ते जहाजावरचं नव्हतं.

"मंग मले काऊन विचारलं नाई? माहा बाप मेला, तुमचा नाई! कोनाले सोबत घ्यायचं हे मी ठरवीन!"

आरशात त्याचे डोळे एकदा दिसले आणि लगेच खाली गेले.

"हे विचाराले पायजे होतं," तो म्हणाला. "चुकलं माहं. खरंच चुकलं."

त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. सरळ कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

बायनाबाईंना मात्र काहीच लागलं नव्हतं. त्या मागे वळून माझ्याकडे पाहत होत्या, मन लावून, बाजारात मासळी पारखतात तशा.

"लटारूच हाय वो ही," त्या म्हणाल्या. "नाकाचा शेंडा लाल होते रागानं, तसाच. ए पोरी, तुले माहीत हाय का, तुह्या बापानं एका साहेबाचा पॅन्ट कसा भिजवला तं?"

"नाही," मी म्हणाले. मला ऐकायचं नव्हतं.

"त्या साहेबानं मासळी शिळी हाय म्हनलं. मी गप बसली. गिऱ्हाईक हाय, म्हनलं जाऊ दे. तुह्या बापाले कोनी सांगितलं कोन जाने! दुसऱ्या दिवशी बादलीत हा एवढा जित्ता मरळ घेऊन आला अन् त्या साहेबाच्या पायापाशीच ओतला. म्हने, विचारा त्यालेच, कधीचा हाय तो! पांढरा पॅन्ट होता वो साहेबाचा. मरळ उडते, साहेब उडते…"

मी हसले. नको असताना हसले, आणि ते आरशात पकडलं गेलं.

"म्हंजे घराण्याचंच हाय हे," प्रणित रस्त्याकडे बघत म्हणाला. "मले वाटलं, माह्यावरच राग हाय."

"तुमच्यावरही आहे."

"राहू द्या. मी काय कमी करा म्हनलं का?"

चिचपल्ली मागे पडलं. दोन्ही बाजूंनी जंगल आलं, सागाची वाळलेली मोठी पानं रस्त्यावर सरपटत होती. त्याने काच थोडी खाली केली. ओल्या मातीचा आणि कुठेतरी पेटवलेल्या पाचोळ्याचा वास आत आला. मी त्याला काच लाव म्हणणार होते… म्हटलं नाही. 'भाऊ' म्हणणंही मी केव्हा बंद केलं, ते मला आठवत नाही.

मूल गावाच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक वाळकं, उंच म्हातारं माणूस हात वर करून उभं होतं. पत्रूबाबा. बाबांच्या शेजारी आयुष्यभर डोंगा चालवलेला माणूस, लेकीकडे आलेला.

या वेळी प्रणितने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. "थांबू का? तुम्ही सांगाल तसं."

ऊन तिरपं झालं होतं. एक मिनिटसुद्धा माझ्याजवळ फालतू नव्हतं. आणि हा मला विचारत होता!

"आता मीच वाईट ठरू का? थांबा ना! म्हातारा माणूस उभा आहे, दिसत नाही?"

"दिसते. पन विचाराले पायजे ना," तो म्हणाला. आणि या वेळी त्याने हसू दाबलं नाही.

पत्रूबाबा माझ्या शेजारी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या अंगाला तलावाचा वास होता. शेवाळाचा, वाळलेल्या जाळ्याचा, बाबांचा… आणि भरल्या गाडीत, तीन माणसांमध्ये, मला रडू आलं. थांबवता येईना.

बायनाबाई समोर बघत राहिल्या. प्रणितने एक हात वर केला आणि मधला आरसा छताकडे फिरवून टाकला.

सावली गाव मागे पडल्यावर मी डोळे पुसले. "आरशाशिवाय गाडी चालवता?"

"बाजूचे दोन हायेत ना."

"त्यातही दिसते मी."

"त्याच्यात ट्रक दिसते, मॅडम," तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते.

तलावावर पोहोचलो तेव्हा सूर्य पळसांच्या शेंड्यांना टेकला होता. काठावर अर्धं गाव जमलं होतं. आणि पालथ्या डोंग्यावर माझी आई बसली होती. पांढऱ्या पदराने डोकं झाकून, दोन्ही हात डोंग्याच्या कडेला घट्ट धरून. सकाळपासून तिथेच होती म्हणे. वहिनीला उचलून बाजूला कोण करणार? धनराजकाका घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होता आणि अजय दोरी घेऊन मान खाली घालून उभा होता.

मला पाहिल्यावर आई उठली. "आली माही," एवढंच म्हणाली.

"दिव्यानी, समजून घे," काका पुढे आला. "पोरीनं डोंगा लोटला, असं आपल्या गावात कधी झालं नाई. अन् तू तं जहाजावर राहतेस. तुले हा लाकडाचा तुकडा काऊन पायजे?"

"लाकडाचा तुकडाच आहे तर तुमाले काऊन पायजे?"

कोणीतरी हसलं. काका चिडला. "रीत हाय ते!"

"रीत काय म्हणते, काका? रक्ताचं माणूस म्हणते. पोरगं म्हणते का? मी कोनाच्या रक्ताची हाय, ते सांगा लोकायसमोर. माहा बाप आजारी पडला तेव्हा तुम्ही कितीदा आले, ते मी विचारत नाई. याच डोंग्यात त्यानं मले वल्हं धराले शिकवलं, तेव्हा तुम्ही याच काठावर उभे होते. तेव्हा बोलाचं होतं!"

काकाने पत्रूबाबांकडे पाहिलं. म्हातारा शांतपणे म्हणाला, "लोटू दे तिले. जमलं तं तिचा. नाई जमलं तं अजय हाय."

मी चपला काढल्या, साडीचा पदर खोचला. डोंगा जड होता, इतका जड की पहिल्या दणक्याला हललाही नाही. दुसऱ्या वेळी माझा पाय चिखलात घसरला आणि मी गुडघ्यावर पडले. अजय एक पाऊल पुढे आला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथेच थांबला. मग मी खांदा कडेखाली घातला, बाबा घालायचे तसा, आणि ज्याचा ज्याचा राग आला होता त्या सगळ्यांना मनात घेऊन वर रेटलं. डोंगा कण्हत वर उठला, क्षणभर उभा राहिला आणि दुसऱ्या अंगावर धप्पकन सुलटा झाला. पुढची उतरण सोपी होती. पाणी डोंग्याखाली शिरल्याचा आवाज आला, तेव्हा आईने पदर तोंडावर घेतला. सूर्य अजून बोटभर शिल्लक होता.

पांगापांग झाल्यावर प्रणित गाडीपाशी दिसला. माझ्या चपला हातात घेऊन उभा.

"तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत," मी म्हणाले. राग अजून संपला नव्हता. "सगळं बघत उभे राहिलात."

"मी बोललो असतो तं लोकं म्हनले असते, हा कोन? अन् मलेच पाहत बसले असते." त्याने चपला माझ्यासमोर नीट ठेवल्या. "मले वाटलं, त्यायनं तुमाले पाहावं."

"आणि तुम्ही?"

"मी तं पाहूनच राह्यलो होतो…"

तो थांबला. तलावावरून गार वारा आला. माझी साडी ओली होती आणि मला थंडी वाजत नव्हती.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढचं आज नाई. आज तुमच्या बाबांचा दिवस हाय." तो गाडीत बसला. "तेरवी होऊ द्या. मंग येतो."

तो निघून गेला आणि मी संतापले. अर्धं वाक्य ठेवून जायची ही कुठली पद्धत?

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, मोटारसायकलवर. आई अंगणात जाळं पसरत होती.

"कोनाले न्यायचं हाय बापू?"

"कोनाले नाई, काकू. मीच आलो."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग जाळ्याकडे, आणि जाळ्यातच एखादं फाटलेलं भोक सापडल्यासारखी मान खाली घातली.

मी त्याला डोंग्यात बसायला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "मले पोहता येत नाई."

"मोहर्लीच्या तलावाजवळ राहून?"

"आमच्या तलावात मगरी हायेत. कोन उतरते?"

"इथे मगर नाही. मीच आहे फक्त."

"तेच तं," तो पुटपुटला, पण बसला. दोन्ही कडा इतक्या घट्ट धरल्या की बोटं पांढरी पडली. मी काठापासून थोडं पुढे नेलं असेल नसेल, तोच तो ओरडून बोलला – "तुम्ही मले आवडता!"

काठावर कपडे धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

"हळू बोला ना! एवढी कसली भीती?"

"पान्याची. बोलाची नाई वाटली."

"महिनाभराने मी जहाजावर परत जाणार आहे," मी म्हणाले. "मग?"

"मंग काय? स्टेशनवर सोडतो लोकायले, तसं आनतो बी. तेच काम हाय माहं." त्याने कडा आणखी घट्ट धरल्या. "तुम्ही काई बोलाल का? का पुन्हा भांडाल?"

बाया अजून पाहत होत्या. एकीने तर हातातला कपडा तसाच धरून ठेवला होता. मी वल्हं फिरवलं आणि डोंगा काठाकडे न नेता तलावाच्या मधोमध नेला. त्याने डोळे मिटले, पण परत चला म्हणाला नाही. पाणी निवांत होतं. तिथून काठावर काहीच ऐकू जात नाही.

तिथे गेल्यावर मी त्याला सांगितलं, तोही मला आवडतो.