जांभळ्या पाकिटांतले महायोद्धे

"उघड ना डबा, मेळ्याला निघायच्या आधी एक डाव होऊन जाऊ दे," देवांश म्हणाला. श्रेयाने डबा उघडला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. डबा रिकामा होता.

तिने तो उलटा करून झटकला, कडुनिंबाखालच्या बाकामागे वाकून पाहिलं, पलकची पिशवीसुद्धा धुंडाळली. एक पत्ता सापडेल तर शपथ.

सुट्टी लागल्यापासून या मुलीने दुसरं काही केलं नव्हतं. बाकीची पोरं आजोळी जाऊन आंबे खाऊन आली आणि श्रेया आपली चित्रं काढतेय. जपानी अ‍ॅनिमेतल्यासारखे मोठ्ठे डोळे, वाऱ्यावर उडणारे केस, पण माणसं सगळी पक्की इंदूरची! मूठभर मसाला फेकून शत्रूला आंधळं करणारा जिरावण जादूगार, कढईची ढाल पेलणारी कचोरी राणी, बर्फगोळ्यांचा मारा करणारा गोळेवाला भिया. कोणाची ताकद किती आणि कोण कोणावर भारी, हे सगळे नियम देवांशने बसवले. नियमात कुठे फट राहिली तर त्याला जेवण जात नसे. पलक कराटे शिकायची. प्रत्येक योद्ध्याचा पवित्रा खरा हवा म्हणून ती बिचारी तासन्‌तास त्या पवित्र्यात उभी राहिली, पायांना कळा आल्या तरी हलली नाही, आणि श्रेयाने बघून बघून काढलं. छंद असावा तर असा.

चित्रं होती पातळ कागदावर. असा कागद हातात लुळा पडतो. पण पत्त्यांचे खेळ खेळणाऱ्या मुलांना त्यावरची युक्ती ठाऊक असते. प्लास्टिकच्या पाकिटात मागे एखादा जुना, जाड पत्ता घालायचा आणि पुढे आपलं चित्र सरकवायचं. देवांशने कुठूनसा जुन्या पत्त्यांचा कॅट आणला, पलकने वाढदिवसाला मिळालेली जांभळ्या पाठीची पाकिटं दिली, आणि 'माळव्याचे महायोद्धे' तयार झाले.

आज संध्याकाळी विजय नगरात अ‍ॅनिमे आणि खेळांचा मेळा होता आणि तिथे या तिघांना एक टेबल मिळालं होतं. घरचे सगळे "छान गं" म्हणाले होते. पण घरचे म्हणणारच! कोणीतरी अनोळखी माणसाने येऊन आपला खेळ खेळावा आणि त्याला तो आवडावा, एवढंच श्रेयाला हवं होतं. त्याचीच तिला धडकीही भरली होती. आता तर खेळच गायब झाला.

"सकाळी सराव केला तेव्हा होता," पलक म्हणाली. "जेवायला जाताना आपण डबा खोलीतल्या टेबलावर ठेवला. आत्ता तो खिडकीत होता. चला, विचारू."

सुदामा नगरच्या त्या बगीच्यातली खोली सकाळी मुलांची आणि दुपारी आजोबा मंडळींची, असा रिवाज होता. चौघे जण रोज तिथे पत्त्यांचा मेंढीकोट खेळायचे. त्यातले संताजी आजोबा म्हणजे मोठ्या मिशा आणि त्याहून मोठा आवाज. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, हे ते पत्ते वाटताना एकदा तरी सांगायचेच. त्यांचे भिडू बाबूराव आजोबा, रेल्वेतून रिटायर झालेले, बोलायला गरीब. गेले काही दिवस मात्र हे दोघे भिडू एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते.

"आजोबा, त्या डब्यातलं काही पाहिलंत?" श्रेयाने दारातूनच विचारलं. आतल्या अंधुक उजेडात पत्ते नीट दिसत नव्हते.

"डबा मी खिडकीत ठेवला. टेबल खेळायला लागतं," हातातल्या पत्त्यांवरची नजर न हलवता संताजी म्हणाले.

"पण आतलं..."

"खेळात बोलू नये!"

बाबूरावांनी काही सांगायला तोंड उघडलं, संताजींकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. मग शेजारच्या गड्याला म्हणाले, "यांना सांगा, उतारी यांची आहे."

तिघं पुन्हा बाकावर येऊन बसली. देवांशचं सुरू झालं, "कोणी बाहेरचा असणार. मेळ्यातल्याच कोणाला आपला आयडिया कळला असेल, पक्का. आपण पलासियाच्या सगळ्या दुकानांत जाऊन..."

"श्वास घे," पलक म्हणाली. "आमच्या कराटेच्या सेन्सेई सांगतात, आधी श्वास, मग हात. जरा वेळ गप्प बस."

तो गप्प बसला, आणि म्हणूनच श्रेयाला ऐकू आलं. आत कोणीतरी पत्ते पिसत होतं. साधे पत्ते पिसताना फडफडतात, तेलकट झालेले तर चिकटून बसतात. हे मात्र एकमेकांवरून सुळसुळ घसरत होते. सुट्टीभर तिने हाच आवाज ऐकला होता, डोळे मिटूनही ओळखला असता.

"आजोबांच्या पत्त्यांना पाकिटं आहेत," ती कुजबुजली. "आपली."

"विचारायचं का?"

"विचारलं की परत 'खेळात बोलू नये'. आणि पत्त्यांना हात लावू देतील तर ते संताजी आजोबा कसले?"

पलकने पिशवीतून कराटेचा पट्टा काढला आणि कमरेला घट्ट बांधला. "त्यांना टेबलाकडे पाठ करायला मी लावते. देवांश, एक पत्ता उलटून बघ. फक्त एक."

ती दारात जाऊन वाकली. "आजोबा, आज मेळ्यात कराटे दाखवायचंय. तुम्ही घोडदळवाल्यांच्या घरातले, जाणकार. काही चुकत असेल तर सांगाल?"

मग काय विचारता! संताजींनी पत्ते खाली ठेवले आणि खुर्चीच फिरवली. पलकने सुरुवात केली. एक पाऊल, एक ठोसा, वळण, आणि लाथ थेट खांद्याच्या उंचीवर जाऊन तिथेच थांबली. ना तोल गेला, ना धाप लागली. वर्षभर पहाटे उठून केलेली मेहनत ती. चौघेही आजोबा बघतच राहिले. श्रेयाही क्षणभर आपलं दुःख विसरली.

देवांश मागून सरकला आणि त्याने एक पत्ता उचलला. पाठ जांभळी होती. पुढे इस्पिकचा गुलाम, कोपऱ्यावर शेवेच्या तेलाचा डाग. चित्र नव्हतं. तो डाग पाहून देवांशचा चेहरा पांढराफटक पडला.

"पकडला!" संताजी गरजले. "चोरी करतोस?"

"पाकिटं आमची आहेत," श्रेया पुढे झाली.

"वा! चोराच्या उलट्या बोंबा! आमचे पत्ते किती दिवस हरवले होते, आज तुमच्याच डब्यात निघाले. प्रत्येक पाकिटात एकेक! पाकिटांत ते आणखी मळणार नाहीत, म्हणून तसेच ठेवले."

श्रेयाने देवांशकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "इथल्याच कपाटात अगदी खाली पडले होते, यार. तेलकट, मळके. मला वाटलं, टाकून दिलेत."

"टाकून?" संताजींना ते फारच लागलं. "अरे, वर्षानुवर्षं हाताळून मऊ केलेत ते! नवा कॅट हाताला परका वाटतो."

तेवढ्यात बाबूराव उठले आणि चक्क संताजींशी बोलले. "म्हणजे पत्ते तू लपवले नव्हतेस?"

"मी? मला वाटलं, आपल्यावर कोट चढला, हरलो म्हणून रागावून तूच लपवलेस!"

"मग सरळ विचारायचं होतंस."

"तूही विचारायचं होतंस!"

"चूक आमची आहे," श्रेया म्हणाली. "न विचारता घेतले. माफ करा, आजोबा. पण पाकिटातली चित्रं कुठे आहेत?"

संताजींचा आवाज एकदम खाली आला. "ते कागद? निळ्या डब्यात टाकले. सुका कचरा ना तो." अस्सल इंदूरकर! कागद टाकताना दहादा विचार केला नाही, पण डबा मात्र अचूक निवडला.

श्रेया धावली. निळा डबा रिकामा होता. ती तिथेच पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. अख्खी सुट्टी, सगळे योद्धे, सगळं गेलं.

"रडू नकोस, बेटा." बाबूरावांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि आतून चित्रांचा गठ्ठा, एकही कोपरा न दुमडलेला. "मी काढून घेतली. म्हटलं, इतकी देखणी चित्रं हा माणूस फेकतोच कसा? पण आमचं बोलणं बंद, विचारणार कोण? मघाशी तुला सांगणार होतो, तर हा ओरडला. डाव संपला की देणारच होतो." मग त्यांनी वरचं चित्र हातात धरलं. "ही कढईवाली बघ, संताजी. सगळा भार मागच्या पायावर. मुलीने नीट पाहून काढलंय. आणि सोबतच्या कागदावरचे नियमही वाचले मी, एकही पळवाट नाही."

संताजींनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग ते आपले पत्ते एकेक करून श्रेयासमोर ठेवू लागले. "घाल यांच्या पुढे तुझे योद्धे. आजचा आमचा डाव रद्द. आणि मेळ्याला आम्हीही येणार. आमच्या पत्त्यांवर लक्ष कोण ठेवणार?"

मेळ्यात कोणी निळे केस लावून आलं होतं, कोणी पुठ्ठ्याची तलवार घेऊन. आपल्या आवडीसाठी इतकं जीव तोडून नटलेली माणसं श्रेयाने एका जागी कधी पाहिली नव्हती. तिच्या टेबलावर सगळ्यात पहिले खेळायला बसले संताजी आजोबा, आणि समोर येऊन बसली निळ्या केसांची एक अनोळखी मुलगी. श्रेया देवांशच्या मागे लपून बघत होती. संताजींचा गोळेवाला भिया सगळ्यांना गारद करत सुटला आणि ती मुलगी हरली.

"चलो बेटा, देर हो रही है," तिची आई म्हणाली. मुलगी उठली.

"मम्मी, एक बाज़ी और," ती मुलगी म्हणाली आणि परत बसली. तिने जिरावण जादूगार उचलून डोळ्यांजवळ धरला. "ये किसने बनाया?"

बाबूराव आणि संताजी, दोघांनीही श्रेयाकडे बोट दाखवलं. पण उत्तर मात्र कोणी दिलं नाही. ते तिचं तिनेच द्यायचं होतं.

श्रेया देवांशच्या मागून बाहेर आली. "मैंने," ती म्हणाली, संताजींच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि पत्ते वाटू लागली.