रुमालाखालचा पंजा

वच्छलेच्या हातातलं भाकरीचं फडकं खाली पडता पडता राहिलं. शाळेतून आवाजच येत नव्हता!

अमरावतीच्या कापूसपेठेला खेटून असलेली ती शाळा म्हणजे रोजचा गोंधळ. परमुलखात कुठं लढाई पेटली, नि इथल्या कापसाचं सोनं झालं. बाहेर गाड्यांची रीघ, हमालांची आरडाओरड; आणि आत पोट्टे त्यांच्याही वरताण. दर्यापूरहून आलेला देवीदास मास्तर घसा फोडायचा, छडी आपटायचा... ऐकतंय कोण? शेवटी पेठेतल्या पंचांनी ठरवलं, आज जाऊन बघायचं. पोरं अशीच बोंबलत असली तर शाळा बंद, खोलीत कापूस भरायचा. पंचांमध्ये वच्छलेचा बाप होता, खुशालराव दलाल.

बापाला भाकर पोचवताना वच्छलेची नजर रोज शाळेच्या खिडकीकडे जायची. मास्तरही नेमका तेव्हाच बाहेर बघायचा. मग दोघंही घाईनं दुसरीकडे! नवरा पटकीनं गेल्यापासून तिनं पाटासाठी, दुसऱ्या लग्नासाठी, आलेली सगळी स्थळं परत पाठवली होती. मास्तर त्यांच्याच कुणब्यांतला, हे मात्र तिनं हळूच विचारून ठेवलं होतं.

आज तिला राहवलं नाही. ती दारात गेली आणि बघतच राहिली. पोट्टे जोडीजोडीनं बसलेले, हात उपरण्याखाली, तोंडं चिडीचूप.

"चार अन् एक?" मास्तरनं विचारलं. उपरणी नुसती हलली.

"माय वं! हे त दलालायचं काम!"

देवीदास दचकून वळला, मग हसला. "तुमच्या बाबापासूनच चोरलं. रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात, तोंडातून चकार शब्द नाही. म्हटलं, ह्या पोट्ट्यायले हेच जमन... पण मलेच पुरतं येत नाही."

"मंग पोट्ट्यायले विचारा ना."

"ते हसतात मले."

"मी नाही हासनार?"

"तुमी हासल्या त चालते."

वच्छलेचे कान तापले. "आना हात," ती बोलून गेली, आणि बोलल्यावर जीभ चावली. पण त्यानं उपरणं पुढं केलंही होतं.

"हे पाच ना?" त्यानं तिचा पंजा धरला.

पंजा धरून लगेच सोडला तर पाच. धरूनच ठेवला तर सौदा पक्का, आणि पक्का सौदा पेठेत कोणी मोडत नाही. प्रत्येक पोट्ट्याला हे ठाऊक होतं. मास्तरला नव्हतं. त्यानं पंजा धरला... आणि सोडायचं विसरूनच गेला.

"पक्का! मास्तरचा सौदा पक्का!" सगळी शाळा उसळली, काहीजण तर खिडकीला लोंबकळले.

आणि दारात पंच उभे!

"घ्या," एक पंच म्हणाला, "उद्याच कापूस भरा."

वच्छलेच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या एका आगाऊपणानं मास्तरची शाळा हातची चालली होती! खुशालराव तर लेकीकडे बघत थिजलेच.

देवीदासनं झटक्यानं हात मागं घेतला. "चूक माझी हाये. मले नेम माहीत नव्हता. तुमच्या लेकीले बोल लावू नोका. सौदा मोडला समजा."

हे मात्र तिला झोंबलं, फार झोंबलं. "मोडला? काहून मोडला? मले विचारलं?"

पंच एकमेकांकडे बघायला लागले. तिचं तिलाच नवल वाटलं. हे आपणच बोललो?

"आता त नेम समजला ना मास्तर?" तिनं विचारलं. "मंग आता सांगा."

देवीदासनं उपरणं सावकाश पसरलं, खाली हात धरला आणि थांबला.

खिडकीला लोंबकळणारे पोट्टे खाली उतरले. कोणी दटावलं नव्हतं, तरी खोली गप्प होत गेली. वच्छलेनं उपरण्याखाली हात सरकवला. त्यानं तो धरला, घट्ट, जाणूनबुजून.

"अरे पन हे चाललं काय—" तोच पंच म्हणाला.

"श्श!" सगळे पोट्टे एकदम त्याच्यावर खेकसले. "हात रुमालाखाली असला का बोलू नाही!"

पंच खरंच गप्प झाला. खुशालरावांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. लेक पुन्हा संसाराचं नाव घेईल, ही आशा त्यांनी सोडून दिली होती.

"कापूस दुसरीकडं भरा," ते पंचांना म्हणाले. "शाळा चांगली चालू हाये. अन् मास्तर, पाटाचं बोलाले घरी या. आता सोडा तिचा हात."

मास्तरनं केव्हाच सोडला होता. वच्छलेनं सोडला नव्हता.