रक्ताच्या गोळ्या आणि जोतीराम

"काल पाणी कुठलं प्यालात?"

अनोळखी पुरुषानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न! पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत मी नुकतीच एसटीतून उतरले होते. समोर तो. हातात वही, खांद्याला पाण्याच्या नमुन्यांची पेटी, केस विस्कटलेले.

"सांगलीचं," मी म्हटलं. "मी इथली नाही."

"मग सुटलात!" तो हसला. "इथं आठ दिवसांत साठ जणांना जुलाब-उलट्या झाल्यात. जंतू कुठनं शिरला ते शोधतोय. मी जोतीराम, आरोग्य खात्यात असतो. मूळ म्हसवडचा."

मी राजेश्वरी. सांगलीच्या एका दवाखान्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर संशोधन चाललंय, त्यातल्या पेशंटची खबरबात ठेवते. दिवसभर फोनवर चाळीस जणांना विचारायचं, गोळी घेतली का, कुठून रक्त येतंय का. संध्याकाळी विश्रामबागच्या खोलीवर आले, की मला काही विचारणारं कुणी नसायचं. हृदयाची झडप बदललेल्या साळूबाईंनी चार दिवस फोन उचलला नव्हता, म्हणून मी इथवर आले होते.

जोतीरामनंच घर दाखवलं. साळूबाई दारातच बसल्या होत्या.

"आवं, मी बरी हाय की! क्यांपातल्या गोळ्यांनी जुलाब थांबलं. हिरड्यातनं जरा रगत येतंय, तेवढंच."

त्यांच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता.

"तुमच्या कॅम्पात कुठली गोळी दिली?" मी जोतीरामला विचारलं.

त्यानं वही चाळून नाव सांगितलं. त्या गोळीनं आमच्या औषधाचा जोर वाढतो, मी त्याला सांगितलं... डोक्यात रक्तस्राव झाला तर—

त्यानं लगेच जीप काढली. कराडपर्यंत साळूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर, आणि आरशात त्याचे डोळे... दर वळणाला एकदा माझ्याकडे.

"अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं," तिथले डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसून आम्ही त्याची कॅम्पची यादी आणि माझी पेशंटची यादी शेजारी-शेजारी ठेवली. आणखी दोन नावं जुळली. त्या दोघांनाही ताबडतोब तपासणीला बोलावून घेतलं. मी फोन ठेवला. त्यानं माझ्या हातात चहाचा कप दिला.

"जेवलात?"

"हे पण वहीत लिहिणार?"

"न्हाई," तो गावाकडच्या बोलीत घसरला. "हे... असंच."

मग तो रोज फोन करू लागला. आधी साळूबाईंची चौकशी असायची. मग शोध कुठवर आला, ते. गटारातून गेलेली पिण्याच्या पाण्याची फुटकी पाइप सापडली, त्या दिवशी तो लहान पोरासारखा ओरडला. हळूहळू कामाचं बोलणं संपलं, तरी फोन चालूच राहायचे.

"लय शांत वाटतंय तुमच्याकडं," तो एकदा म्हणाला.

"दुसरं कुणी नाही ना खोलीत."

"माझ्याकडंही..."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

साथ आटोक्यात आली आणि त्याची बदलीची ऑर्डर निघाली. गडचिरोली, अकरा महिने. रविवारी तो सांगलीला आला. घाटावर आम्ही खूप वेळ कृष्णेकडे बघत बसलो.

"राहू का मी?" त्यानं हळूच विचारलं. "तुम्ही म्हणालात तर नाही जाणार."

हो म्हणायला किती सोपं होतं! पण तिकडे तापानं पोरं दगावत होती, आणि साळूबाईंच्या दंडावरचा तो डाग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"जा तुम्ही," मी म्हणाले.

स्टँडवर एसटी हलली. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं—

"लवकर ये."

त्याला पहिल्यांदाच एकेरी. त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"काय म्हणालीस?"

"लवकर ये!" मी ओरडले. सगळा स्टँड वळून बघायला लागला.

गाडी फाटकाबाहेर वळली. तो हात हलवत होता, दिसेनासा होईपर्यंत.

"कुठं जायचं, ताई?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"विश्रामबाग," मी म्हटलं, आणि फोन हातातच धरून बसले.