न उघडता गेलेली गाडी

मांडणीतल्या कपबशा किणकिणल्या.

सकाळपासून घरात कुणी फारसं बोललं नव्हतं, म्हणून तो एवढासा आवाजही केवढा तरी वाटला. आमचं घर सीमेच्या रस्त्याला इतकं खेटून आहे की रांगेतली अवजड गाडी जागची हलली की आधी कपांना कळतं, मग आम्हाला.

“आली वाटतं तुझी गाडी,” सासूबाई म्हणाल्या.

“माझी कसली? कलमांची गाडी आहे ती.”

“मीही कलमांचीच म्हणतेय.” वाटाणे सोलता सोलता त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मग कान का लाल झाले?”

मी चपला घातल्या. भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती एका जागी बसेल तर ना! “आजीला त्रास देऊ नकोस,” म्हणाले आणि जिना उतरले.

खालच्या मजल्यावर आमची एजन्सी आहे. सीमा ओलांडणाऱ्या मालाचे कागद जुळवायचे, जकातीच्या साहेबांसमोर मांडायचे, गाडी पलीकडे पाठवायची. आधी नवरा करायचा. भिंगरी पाळण्यात असताना तो गेला. तेव्हापासून मी करते, आणि त्यावरच आम्हा तिघींचं घर चालतं.

या कलमांच्या गाडीचा ड्रायव्हर पहिल्यांदा आला तो मागच्या हिवाळ्यात. बाहेर गारठलेला, भुरभुरता पाऊस. मी आवरत होते, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. दारात उंच माणूस, मफलरवर थेंबच थेंब.

“खिडकी बंद झाली. कागद उद्या,” मी म्हणाले.

“कागद नकोत. उकळतं पाणी मिळेल?”

“हे काय हॉटेल आहे?”

“नाही... हॉटेलात विचारून आलो. तिथल्या बाई तुमच्याहून जोरात ओरडल्या.”

मला हसू आलं. दाबलं, तरी आलंच. “चहाला हवंय?”

“कुलपाला. डिझेलच्या टाकीचं कुलूप गोठलंय.” मग मान जराशी कलती करून म्हणाला, “पण चहा उरला असेल तर कुलपाला सांगणार नाही.”

मग तो येत राहिला. यावंच लागायचं. आमच्या सीमेवर गाडी दिवसचे दिवस रांगेत उभी राहायची. आमचे लोक सगळा माल उतरवून तपासायचे, पुन्हा चढवायचे, आणि हाकेच्या अंतरावर पलीकडचे लोक तेच सगळं पहिल्यापासून करायचे. तेवढ्या खोळंब्यात त्यानं भिंगरीच्या सायकलचं चाक बसवलं, सासूबाईंशी मिठावरून भांडण केलं, आणि माझ्याशी... माझ्याशी काहीच नाही. निघताना फक्त “येतो” म्हणायचा, आणि मग उगाच दाराची कडी लागते का ते बघत उभा राहायचा.

वसंतात एकदा तो सफरचंदाची कलमं घेऊन आला. रांगेतच ती सुकली. तपकिरी झालेली मुळं हातात धरून तो माझ्या खिडकीशी उभा होता. उभ्या गाडीचं भाडं त्या झाडांच्या किमतीच्याही वर गेलं होतं, पण तो त्याबद्दल बोललाच नाही. एवढंच म्हणाला, “सबंध वाट जपून आणली हो... आणि दारात येऊन मेली.”

त्या दिवसापासून मी अर्ज, फोन, बैठका यांच्या मागेच लागले. गाडी निघते तिथेच तिला सील लावा. कागद आधी पाठवा. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच खोलीत बसवा. आणि सील शाबूत असेल तर गाडी न उघडता सोडा. हो-नाही करता करता एक चाचणी मंजूर झाली. तीही एकाच गाडीची. ती अडकली, तर गाड्या न उघडता सोडायची ही नवी लेन कायमची बंद.

गाडी कुणाची, हे सांगायला नकोच.

मागच्या खेपेला मी त्याला म्हणाले होते, “लेन सुरू झाली की सुटलात तुम्ही आमच्या तावडीतून.”

“हो ना... तुमचाही गॅस वाचेल.”

“वाचेल.”

“चहापत्तीही.”

“तीही.”

मग बराच वेळ आम्ही दोघंही मेजावरचा स्टेपलर बघत राहिलो, जणू तोच आता काहीतरी बोलणार होता.

आज त्या नव्या खोलीत मी काचेला नाक लावून उभी होते. शेजारी आमच्या बाजूच्या मॅडम आणि पलीकडचे साहेब. गाडी वळणावरून आली, गेटच्या कमानीच्या जरा अलीकडे क्षणभर थांबली आणि पुन्हा पुढे निघाली. ती बाजूनं दिसली आणि मी काचेवरून नाक काढलं.

ताडपत्रीची दोरी सुटून लोंबत होती.

रांगेच्या दिवसांत सगळेच ड्रायव्हर असं करायचे. गेट दिसलं की उतरून दोरी सैल करायची, म्हणजे तपासणी जरा लवकर उरकते. इतक्या वर्षांची सवय ती. आज गाडी उघडायचीच नव्हती, हे डोक्याला माहीत होतं. हातांना कोण सांगणार!

मॅडम बाहेर गेल्या. मागोमाग मी. तो खाली उतरला, लोंबणारी दोरी बघितली, मग स्वतःचे हात.

“कुणी सोडली?”

“मीच. आत्ताच. सवयीनं.”

“सवयीनं,” मॅडम म्हणाल्या. “हे मी रिपोर्टात कोणत्या रकान्यात घालू?”

पलीकडचे साहेब घड्याळ बघायला लागले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “दोरी वाऱ्यासाठी असते, सील कड्यांतून ओवलेल्या खालच्या तारेला असतं, मला माहीत आहे. पण दोरी सुटलेली दिसली की गाडी उघडायची, हा नियम आहे. नाहीतर एजंटनं लेखी जबाबदारी घ्यायची. मग मी नुसती तार तपासेन. तार एका कडीतून जरी निसटलेली निघाली, तर तुमचं लायसन्स जाईल. मला काय, उघडणं सोपं आहे. बोला.”

मी लोंबणाऱ्या दोरीकडे बघितलं.

त्या एका क्षणात मला काय काय दिसलं! गप्प राहिले, तर गाडी उघडेल. लेन बंद होईल. पुन्हा रांग, पुन्हा काचेवर टकटक, मफलरवर थेंब. कुणी मला दोषही देणार नाही. पोरीचं आणि सासूबाईंचं पोट ज्या लायसन्सवर, ते तरी का पणाला लावू? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. काही मागितलं नाही. ताडपत्रीच्या एका फटीतून ओल्या मातीचा वास येत होता...

“द्या कागद,” मी म्हणाले. “लिहून देते.”

मॅडम गाडीभोवती फिरल्या. बोटांखाली तार, एकेका कडीला थांबून, ओढून बघत. मागच्या कोपऱ्यात त्या वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. माझ्या ओढणीचं टोक माझ्या मुठीत भिजून गेलं.

शेवटी कंबर धरून उभ्या राहिल्या. “शाबूत आहे. दोरी बांधा आणि निघा. आणि हात खिशात ठेवत जा!”

गेटचा दांडा वर गेला. गाडी माझ्या अंगावर वारा सोडत निघून गेली. दोन्ही देशांच्या तपासणीतून, न उघडता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग ऑफिसच्या पायरीवर येऊन बसले, आणि कुणी बघत नाही असं वाटून डोळे पुसले.

“आई, काका!” भिंगरी सासूबाईंचा हात सोडून धावली.

तो पलीकडून चालत येत होता. धुळीतून, भराभर.

“काय झालं? गाडी अडवली?” मी ताडकन उठले.

“नाही. सावलीत लावलीय. कलमं मजेत आहेत.” त्याला धाप लागली होती. “नियमानं आज विश्रांती घ्यायचीच असते. पुढच्या शहरात घ्यायची होती... मी इथे घेतली.”

“का?”

“तुम्ही सही करत होतात ना... तेव्हा मनात आलं, करू नये. उघडू दे गाडी. पुन्हा अडकू दे मला इथे.” त्यानं मान खाली घातली. “लाज वाटली. तुम्ही एवढं केलंत, आणि मी...”

“मलाही तेच वाटलं होतं,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्याला ऐकायला एक पायरी वर यावं लागलं. आला.

“मग सही कशी केलीत?”

“मुळं आठवली.”

तो हसला नाही. त्यानं नुसता हात पुढे केला, आणि मी माझा त्यात ठेवला. शाईनं माखलेला, तसाच. सासूबाईंनी पाहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि चहाला आधण ठेवायला म्हणून जिना चढायला लागल्या.

भिंगरी मात्र हलली नाही. तिनं वर गेलेल्या दांड्याकडे एकदा बघितलं, एकदा त्याच्याकडे, मग माझा कुर्ता ओढत म्हणाली,

“पण आई, गेट उघडं असताना कुणी थांबतं का?”