चाळीस मिनिटं हिरवा दिवा

मी त्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. भुतंखेतं आपल्या खात्यात येत नाहीत, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी साधंच काम सांगितलं. मोठ्या बाईंच्या मशीनची नोंद पुसायची.

मोठ्या बाई म्हणजे तक्रार विभागातल्या जुन्या कारकून. आमच्याकडे दाबलेल्या प्रत्येक बटणाची नोंद व्हायची, घरी पाठवलेले ईमेलसुद्धा साहेब वाचायचे. बोटं चालू असली की साहेबांच्या स्क्रीनवर आमच्या नावापुढे हिरवा दिवा, थांबली की लाल. लाल दिसला की शिपाई खुर्चीशी हजर. मागच्या मंगळवारी बाई टेबलावर कोसळल्या आणि हात पडला तो नेमका बटणावर. चाळीस मिनिटं दिवा हिरवा! आडोशाच्या त्या टेबलाकडे कुणी फिरकलंच नाही. लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले.

"बाईंचा मुलगा चार वाजता येतोय," साहेब म्हणाले. "ती चाळीस मिनिटं त्याला दिसायला नकोत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंच्या पत्रांत नाक खुपसायला यांना वेळ होता, मान वर करून बाईंकडे बघायला नव्हता! पण नोकरी त्यांच्याच हातात. गेले मुकाट्याने.

टेबलाला अजून बाईंच्या गुडघ्याच्या मलमाचा वास होता. कीबोर्ड काढून मांडीवर ठेवला, माझा जोडला आणि नोंद उघडली. पानंच्या पानं एकच अक्षर, ममममम. पुसली. परत आली. पुन्हा पुसली. आता एक्केचाळीस मिनिटं... बेचाळीस...

मांडीवर काहीतरी हललं. वायर तर खाली लोंबत होती. बाईंच्या कीबोर्डवरचं 'म' हळूच खाली गेलं आणि दबलेलंच राहिलं.

फोन वाजला. साहेब होते. "तू टाइप करतेयस?"

"नाही."

"मग बाईंचा दिवा... हिरवा कसा?"

"उठून बघायला या ना साहेब. त्या दिवशी यायला हवं होतं, तसे."

ते आले नाहीत. मी सगळी पानं छापली आणि चार वाजता मुलाच्या हातात दिली. नोकरी गेली. त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

काल त्या मुलाचा फोन आला.

"ताई, तुम्ही किती पानं दिली होती?"

"बत्तीस."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"मी ती कपाटात ठेवलीत, कपाटाला कुलूप असतं... आज मोजली तर एकोणपन्नास भरली. शेवटच्या पानावर आजची तारीख आहे. आईजवळ अजून कुणी गेलंच नाही का हो?"