एकाच पत्र्यावरच्या दोघी

त्या दुपारी मी शाईचं भांडं घासत बसले होते. जवसाच्या तेलात कढवलेली ती शाई. आमच्या हार्लेम शहराचा वारासुद्धा तिचा वास घालवू शकत नाही. आतून माझ्या नवऱ्यानं, योस्तनं, हाक मारली, "अगं, परत आली ती..."

"चौथ्यांदा? पुरे झालं बाई आता!" मी हात धुऊन आत गेले.

सहा वर्षांपूर्वी योस्तनं विगबोल्टसाहेब आणि त्यांची बायको हिल्लेगोंडाबाई यांचं जोडचित्र छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं. ती बिचारी बाळंतपणात गेली. साहेबांनी दुसरं लग्न केलं आणि फर्मावलं, जुन्याच पत्र्यावर बायकोचा चेहरा तेवढा बदला! आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. चेहरा खरवडायचा, मागून ठोकून खळगा भरायचा, घोटायचं, वर नवा कोरायचा. झगा तोच, पंखा तोच. पंख्याआड हिल्लेगोंडाबाईंचा हात मुद्दाम लपवला होता. त्याला करंगळी नव्हती.

चार वेळा खरवडून झालं. पत्र्यावर बघावं तर नवी बायको आलेडाबाई, आणि छापलेल्या कागदावर हिल्लेगोंडा!

"आलेडा आत्ता येईल," योस्त पुटपुटला. "आठवा महिना तिला. हे बघून धसका घेतला तर..."

वैतागले होते, तरी पत्र्यावर हात ठेवून त्याच्याशी हळूच बोलले. "हे बघा बाई, तिच्यासाठी बाळंतिणींना सांभाळणाऱ्या संत ॲनाला नऊ मेणबत्त्या बोललेय मी. दहावी तुमच्या नावानं लावते. पोरीला सुखरूप सुटू द्या."

थंडगार तांबं हाताखाली हळूहळू कोमट झालं...

पाचवा कागद निघाला. आलेडा! स्वच्छ, हसरी. देव पावला.

थोड्या वेळानं ती आली आणि चित्र बघून खुदकन हसली. "काकू, नाक फारच छान काढलंय हो! खरं तर सलगम आहे माझं."

जायला वळली, तर खांद्यावरच्या पांढऱ्या रुमालावर ओल्या शाईचे ठसे. मागून कुणी हात ठेवावा तसे. माझे हात स्वच्छ होते. योस्त पार दाराशी उभा.

"थांब गं, पुसते..."

पुसावं तितके ठसे ओलेच. एक अंगठा, तीन बोटं. करंगळीच्या जागी रुमाल पांढराशुभ्र.

तो हात सांभाळायला ठेवला होता की ओढायला, ते बाळ आल्यावरच कळेल. मी अकरावी मेणबत्ती बोलले.