नऊ निळे ठिपके

"कॉम्प्युटरवर पहिली पाळी माझी. पाळ्यांच्या वहीत पाहा, सगळ्यांच्या वर माझं नाव आहे," प्रेमलता म्हणाली.

"वर आहे, कारण समासात घुसवलंयस," मुकुंद म्हणाला. "माझं नाव लिहून झाल्यावर."

"दोघं भांडून राह्यले तोवर मीच बसते," चारुशीला म्हणाली, आणि तिघंही हसली.

१९८९ सालचा उन्हाळा होता. कोराडीच्या वीज कॉलनीतल्या मित्र वाचनालयात कॉम्प्युटर येणार, ही त्या सुट्टीतली सर्वांत मोठी बातमी होती. अर्धा कॉम्प्युटर आलाच होता म्हणा. कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेला पडदा, कळफलक आणि पत्र्याचा जडशीळ डबा वाचनालयाला फुकट मिळाला होता. डब्यातला बोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी, मात्र जळलेला. तो काढून ठेवला होता आणि नवा बोर्ड घेऊन शहरातल्या दुकानाचा मेकॅनिक दिवाकर सोमवारी बसनं आला.

त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बोर्ड ठेवून वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मुकुंदचे बाबा, म्हणजे वाचनालयाचे सचिव श्रीधरपंत, यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या.

दिवाकरचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेपाचची बस चुकली की पुढची सातला. त्यानं बोर्ड घाईघाईनं डब्यात ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या रुपरावांना म्हणाला, "काका, हे सहा स्क्रू तेवढे आवळून घ्या. मी वायरी गुंडाळतो."

रुपराव म्हणजे चारुशीलाचे आबाजी, तिचे आजोबा. चौतीस वर्षं वीज केंद्रात पंप जुळवणारे फिटर. त्या आठवड्याअखेरीस ते निवृत्त होणार होते आणि रविवारी कॉलनीत त्यांचा निरोप समारंभ होता. आवळायला सांगितलं म्हटल्यावर ते आवळणारच, आणि रुपरावांनी आवळलेलं पुन्हा सैल झालं असं कॉलनीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

वायरी पुन्हा लागल्या. बटण दाबलं. आतला पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा पाव फेरा. पडदा काळाच राहिला.

"हे काय टर्बाइन वाटलं का तुम्हाला?" दिवाकर पिशवी उचलत म्हणाला. "पान्याचा हात पडला, बोर्ड पिचला. मेला तो." आणि तो बस गाठायला धावला.

मंगळवारी दुकानाचा निरोप आला. बोर्ड मुळात खराब असेल तर बदलून मिळेल, पण इथल्या कुणाच्या हातून बिघडला असेल तर नाही. दिवाकर शनिवारी बोर्ड न्यायला येईल, तेव्हा काय झालं ते लिहून सहीनिशी द्या. श्रीधरपंतांनी टापटीप अक्षरात कागद तयार केला : 'बोर्ड माझ्या हातून बिघडला.' खाली सहीची जागा सोडली. श्रीधरपंत वाईट माणूस नव्हते. पण कागद नीट लिहिला की काम नीट झालं, असं मानणाऱ्यांपैकी होते.

"करतो सही," रुपराव म्हणाले. "पण रविवारी मले बोलावू नका. ज्याच्या हातानं मशीन मेली, त्याले हार कशाले?"

त्यानंतर दोन दिवस कामावरून आले की ते खाटेवर बसून स्वतःच्या पंजांकडे पाहत राहिले. चारुशीलाला ते बघवेना.

गुरुवारी दुपारी मुकुंदनं झाडझूड करतो म्हणून वाचनालयाची किल्ली मिळवली. तिघं डब्याभोवती बसली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि खिडकीत वीज केंद्राची रोजची राख साचली होती.

"मला एक कळत नाही," प्रेमलता म्हणाली. तिला दिवसाला बऱ्याच गोष्टी कळत नसत. "मेलाय, तर मग पंखा हलतो कशाला? मेलेला माणूस लाथ मारतो का?"

मुकुंद तिची टर उडवणार होता, पण थांबला. "आणि पेपरवर चालत होता. डब्यात गेल्यावरच बंद पडला."

"पेपरवर नाही असं डब्यात काय आहे?" चारुशीलानं हळू विचारलं.

तिनं आधी प्लग निघालेला आहे ना, ते पाहिलं. मग आबाजींच्या स्क्रूड्रायव्हरनं सहा स्क्रू काढले, प्रेमलताच्या ओंजळीत मोजून दिले आणि बोर्ड कडांना धरून अलगद उचलला. डब्याच्या तळावर पितळेचे छोटे खांब उभे होते. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून ते असतात, हे पाहताच कळत होतं.

"आबाजी पंपाचे दोन भाग जुळवतात नं, तवा एका भागाले निळा रंग लावतात," ती म्हणाली. "मग दुसरा भाग दाबून उचलतात. जिथं निळं लागलं तिथं टेकून राह्यलं. निळ्यानं दाखवल्याबिगर जुळलं म्हणायचं नाही, म्हणतात."

"पण बोर्डाला रंग लावायचा?" मुकुंद दचकला.

"बोर्डाले नाही. कागदाले."

प्रेमलतानं घरून कपड्यांची नीळ आणली. चारुशीलानं बोर्ड कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, स्क्रूच्या सहाही भोकांतून गोल काढले आणि कागद कापला. काडीला कापूस गुंडाळून प्रत्येक खांबाच्या डोक्याला नीळ लावली. कागद बोर्डाच्या जागी बसवला, दाबला आणि उचलून पालथा केला. मग पेन्सिलचे गोल पलीकडून दिसावेत म्हणून उजेडात धरला.

"नऊ ठिपके," प्रेमलता म्हणाली. "आणि गोल सहा."

तीन निळे ठिपके गोलांच्या बाहेर पडले होते. मुकुंदनं बोर्ड उलटा धरला. त्या तीन जागी भोकं नव्हती, सोल्डरचे चकचकीत टोकदार डाग होते.

"जुन्या बोर्डाला नऊ भोकं असणार," तो म्हणाला. "नव्याला सहाच. उरलेले तीन खांब कुणी काढलेच नाहीत. ते खालून डागांना टेकले आणि वीज बोर्डाऐवजी डब्यात निघाली. घरचा फ्यूज जातो तसं डब्यातल्या वीज देणाऱ्या पेटीनं स्वतःला बंद करून घेतलं. म्हणून पाव फेरा!"

"लावून बघू या?" प्रेमलतानं विचारलं.

"मोठ्यांबिगर वीज सुरू करायची नाही," चारुशीला म्हणाली. खरं तर तिचा हात बटणाकडे ओढ घेत होता. बोर्ड शाबूत आहे की खरंच जळला, हे तिला तरी कुठं माहीत होतं? म्हणून तिनं आबाजींनाही काही सांगितलं नाही. त्यांची आशा एकदा मेली तेवढं पुरे, असं तिला वाटलं. तिघांनी खांबांची नीळ पुसली आणि बोर्ड होता तसा बसवून ठेवला.

शनिवारी दिवाकर आला. टेबलावर कागद होता आणि रुपरावांच्या हातात पेन.

"दिवाकरकाका," चारुशीला मध्येच म्हणाली, "बोर्ड पिचला, म्हणजे तो आता कुठंच चालणार नाही ना?"

"कुठंच नाही."

"पेपरवर पण?"

"अगं, मेला म्हणजे मेला. पेपरवर ठेव की पाटावर." दिवाकर हसला. "चालला तर हा कागद मीच फाडतो. मग तर झालं?"

"बाबा, ऐकलंत ना?" मुकुंद म्हणाला. श्रीधरपंतांनी मान हलवली.

मुकुंदनं वर्तमानपत्र पसरलं. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना, म्हणून दिवाकरनं स्वतःच बोर्ड काढून त्यावर ठेवला, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा पाव फेरा फिरला. अर्धा फिरला. मग घरघरत फिरतच राहिला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चारुशीलानं निळ्या ठिपक्यांचा कागद दिवाकरपुढे ठेवला आणि डब्यातल्या तीन खांबांवर बोट टेकवलं. सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

"डबा जुना, बोर्ड नवा," दिवाकर पुटपुटला. "असं होतं कधी कधी."

"डबा जुना हाय, हा त्याचा गुन्हा नाही गा," रुपराव शांतपणे म्हणाले. "खाली काय हाय ते पाहाचं काम तुमचं होतं. अन् माह्यं बी. मी आवळलं, पण वाकून पाह्यलं नाही."

दिवाकरची मान खाली गेली. त्यानं सहीचा कागद उचलला, दोनदा फाडला आणि म्हणाला, "काका, चुकलं माझं. बसच्या नादात दुसऱ्याच्या माथी मारलं."

रुपरावांनी छोटा पाना मागवला. तीन खांब फिरवून काढले, उरलेले सहा मोजले आणि स्क्रू दिवाकरला लावायला दिले. डब्यात कॉम्प्युटर सुरू झाला. श्रीधरपंत मुलांकडे वळले. "शाबास रे! मी नुसता कागद लिहिला, तुम्ही डबा उघडलात. माझंही चुकलंच. रुपरावजी, उद्याच्या समारंभाला यायचं बरं का."

"येतो," रुपराव म्हणाले.

घरी जाताना चारुशीला आबाजींच्या बरोबरीनं चालत होती. सगळ्यांनी शाबासकी दिली, आणि तीच तिला टोचत होती.

"आबाजी," ती म्हणाली, "एक सांगू? दोन दिवस मले बी वाटलं होतं, की तुमच्याच हातानं झालं."

रुपराव थांबले. त्यांनी तिचा हात आपल्या खरबरीत पंजात घेतला.

"मले बी तेच वाटलं होतं, बाई," ते म्हणाले. "मी तर मानून बसलो होतो. तू पाहाले गेली."